दर पाचवा आडवा

तरसोळीच्या शाळेत नववीची उंची मोजून झाली, त्या सकाळपासून दर पाचव्या पोराला आडवं व्हावं लागलं. चौघं उभी राहायची, सरळ, हात अंगाला चिकटवून. पाचवं त्यांच्यावर तिरपं टेकायचं. डोकं एकाच्या खांद्यापाशी, पाय दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. लागले की खूण बिघडते.

ठोंबरे बाईंना याचं फारसं काही वाटलं नाही. बावीस वर्षं त्या फळ्यावर हेच काढत आल्या होत्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली एक जुडी. ताळ्याच्या खुणा म्हणतात त्याला. पाचापाचाच्या जुड्या बांधल्या की मोजणाऱ्याचे डोळे शिणत नाहीत. आता रेघांच्या जागी पोरं होती, एवढंच. आणि पोरं तरी कुठं कुरकुरत होती? शाळेत पोर कुरकुरत नाही. ते घरी जाऊन ताप काढतं.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर पांढरा कागद डकवला होता आणि त्यावर बाईंनी काळ्या शाईनं तक्ता आखला होता. १३० ते १३९. १४० ते १४९. १५० ते १५९. १६० ते १६९. सगळं सेंटिमीटरमध्ये. कागदावरची रेघ वाळली की वर्गात तिथं भिंत उभी राहत होती, पार आढ्यापर्यंत. चार गट, चार खोल्या, एकेका खोलीला एकेक दार. ज्याची जितकी उंची तो त्या दारातून आत गेला. पहिल्या खोलीत सात, दुसरीत तेरा, तिसरीत चौदा, चौथीत पाच.

बाईंनी बेरीज केली. एकोणचाळीस.

पटावर चाळीस होते.

बाईंनी बेरीज परत केली, या वेळी खालून वर. खालून वर केली की बेरीज कधी कधी सुधारते, असा त्यांचा अनुभव होता. एकोणचाळीसच आली.

"कोण गैरहजर आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाई," चारही खोल्यांतून आवाज आला.

"मग राहिलं कोण?"

"मी राहिले. अंबी."

हा आवाज कुठल्याच खोलीतून आला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधून आला.

दुसरी खोली १४९ ला संपत होती. तिसरी १५० ला सुरू होत होती. मध्ये एक सेंटिमीटरची फट होती. बाईंनी भिंतीला गाल लावून फटीत डोळा घातला. आत अंबिका धोत्रे उभी होती. गणवेश, दोन वेण्या, मान एका बाजूला वळवलेली. एक सेंटिमीटरमध्ये माणूस मावत नाही, पण अंबी मावली होती. वडाराची पोर. दगडाच्या खाणीवर, दोन हात रुंद पालात सहा माणसांत झोपून वाढलेली. कमी जागेचं तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तिथं काय करतेस?"

"मला दारच न्हाई, बाई. एकशे एकोणपन्नास पूर्णांक पाच लिहिलंय तुम्ही."

बाईंना आठवलं. सकाळी भिंतीला टेप लावून एकेकाला उभं करताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पूर्ण सेंटिमीटर तेवढे लिहायचे, वरचं सोडून द्यायचं. पोरांनी आपापलं वरचं सोडून दिलं. कुणाचे चार मिलिमीटर, कुणाचे सात, कुणाचा अर्धा सेंटिमीटर. टाळूवरून सुटून ते फरशीवर पडत होते, पेन्सिलीच्या सालींसारखे, केसांसकट. बाईंनी ते केरसुणीनं कोपऱ्यात लोटले होते. अजून तिथंच होते.

अंबीनं सोडलं नव्हतं.

"बाई, अर्धा राहिला."

"सोड गं. अर्ध्यानं काय होतंय?"

"खाणीवर मुकादम असंच म्हणतो. खडीचं माप घेताना म्हणतो, वरचं सोडून द्या. आई म्हणती, सोडायचं न्हाई. वरचं काय त्याच्या बापाचं हाय का?"

पोरं फिसकन हसली होती. बाईंनी रागारागानं १४९.५ लिहिलं होतं. शाईनं. पण गट त्यांनी आदल्या दिवशीच पाडून ठेवले होते. १४९ ला एक संपतो, १५० ला दुसरा लागतो, आणि मधल्या जागेत कुणी जन्मालाच येत नाही असं धरून. मापलेल्या उंचीला असे तुटक गट करायचे नसतात. ही चूक परीक्षेत एखाद्या पोरानं केली तर बाई स्वतः त्याचे दोन गुण कापतात.

आणि गंमत बघा. उंचीप्रमाणे चाळिसांची एक रांग लावली, तर अंबी एकविसावी. खाली वीस, वर एकोणीस. वर्गाचा मध्यक काढायचा तर विसावा आणि एकविसावी ही दोघंच लागतात, बाकीचे अडतीस नुसते साक्षीला. म्हणजे बरोबर मधोमध उभ्या असलेल्या पोरीलाच वर्गात जागा नव्हती.

साडेचारला तक्ता बंद व्हायचा होता. त्याआधी तालुक्याहून उंबरकर साहेब तपासणीला येणार, मोजणार, सही करणार. बंद झालेल्या तक्त्यात जो नाही तो शाळेत नाही. शाळेत नाही तो गावातही राहत नाही. गेल्या साली आठवीच्या वजनाच्या तक्त्यातून घोडक्यांचा एक मुलगा सुटला. त्याची आई अजून रोज एक भाकरी जास्त थापते, आणि कुणासाठी थापलीस विचारलं तर तिला सांगता येत नाही.

बाईंनी घड्याळ बघितलं. पावणेबारा.

"अंबी, ऐक माझं. फेरमोजणीचा एक रकाना रिकामा आहे. तू टाचा उचल. जराशा. अर्धा सेंटिमीटर. मी १५० लिहिते, तुला तिसऱ्या खोलीचं दार मिळेल."

"आणि टाचा खाली टेकवल्या की?"

"टेकवायच्याच नाहीत."

"कधीपत्तुर?"

बाईंनी फेरमोजणीचा रकाना तसाच रिकामा ठेवला.

तिसऱ्या खोलीत दोन जुड्या बांधून झाल्या होत्या. तिसऱ्या जुडीची चौघं उभी होती, पाचव्याची वाट बघत. त्यांच्यातल्या शहनाज पठाणनं भिंतीवर टिचकी मारली.

"अंबे, ये की गं. तू आली की आमची जुडी होती. पाय दुखायलेत उभं राहून."

"आले तर कुठं उभं राहू?"

"उभं कशाला राहतीस? पाचवी ना तू. आमच्यावर टेकायचं."

"म्हंजे आडवं?"

"तिरपं. मी पकडते तुला, पाडणार नाही. आईशप्पथ."

फटीत वेणी भिंतीला घासली. मग अंबी म्हणाली, "बाई, मला उभं राहायचंय."

"पाचवा आडवाच असतो, बाळ. नियम आहे."

"मला उभं राहायचंय."

बाई चारही खोल्यांतून एक फेरी मारून आल्या. तिसऱ्या खोलीत १५२ उंचीची तिघं होती. एका मापाची एवढी दुसरी कुणीच नव्हती, म्हणून ती बहुलक झाली होती, आणि सकाळपासून एकाच वेळी श्वास घेत होती, एकाच वेळी सोडत होती. त्यांच्याजवळून जाताना गरम वारा लागायचा. बाई थांबल्या त्या आडव्या पोरांपाशी. सगळ्या खोल्या मिळून सहा जण होते. बाईंनी एकेकाचं आडनाव मनात वाचलं. सगळी गावकुसाबाहेरची. सहावं वाचून झालं तेव्हा त्यांनी पहिलं परत वाचलं नाही. पटाच्या क्रमानंच झालं होतं सगळं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. या गावात कुणी काही मुद्दाम करत नाही. तसंच होत येतं.

"मारुती, अवघडलास का रे?" त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या एकाला विचारलं.

"नाही बाई," तिरपा मारुती म्हणाला. "फक्त रक्त डोक्यात उतरतंय."

बाई टेबलाशी येऊन बसल्या. जीव घाबरा झाला की त्या आकडेमोड करत. नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्यांनी पलंगांचे नंबर बेरजेला घेतले होते. आता त्यांनी चाळीस उंच्या एकाखाली एक लिहिल्या, अंबीची धरून. बेरीज केली, चाळिसांनी भागलं. १४८.७. दोनदा पडताळून बघितलं आणि तक्त्याच्या खाली लिहिलं: सरासरी १४८.७.

शाई वाळली तेव्हा समोरच्या बाकावर एक पोर बसलेलं होतं.

"हजर, बाई," ते म्हणालं.

मुलगा म्हणावा तर नाही, मुलगी म्हणावी तर नाही. केस ना आखूड ना लांब. रंग ना गोरा ना काळा. चेहरा ओळखीचा वाटायचा आणि नाव आठवायला गेलं की निसटायचा, कारण त्यात चाळिसांचा चाळिसावा चाळिसावा हिस्सा होता. ओठ शहनाजचे असावेत. भुवई मारुतीची. वर्गातल्या एकाही पोराची उंची १४८.७ नव्हती, या पोराची होती. हात बाकावर सरळ ठेवून ते बसलं होतं. अंगठा हलत नव्हता, पाय हलत नव्हता. नववीतलं पोर असं बसत नाही.

त्याच्या डाव्या कानाची पाळी मात्र बाईंनी ओळखली. भोकात कडुलिंबाची काडी होती. वर्गात अशी काडी एकाच कानात होती.

"तू कुठल्या खोलीतला?" बाईंनी विचारलं.

"बाई म्हणाल त्या. मला कुठंही चालतं."

"आडवं व्हायला सांगितलं तर?"

"होईन की."

दुपारी अंबीची आई आली. दुर्गव्वा. खांद्यावर घण, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. ती फाटकातून आली नाही, खाणीच्या बाजूनं कुंपण ओलांडून सरळ वर्गात शिरली. वर्गात एवढ्या भिंती बघूनही ती दचकली नाही. भिंती तिनं आयुष्यभर लोकांसाठी रचल्या होत्या.

"बाई, माझी पोरगी हितं हाय का?"

"आहे," बाई म्हणाल्या. "का हो?"

"भाकरी थापत होते. चौथीला हात थांबला. कुणाची ते आठवंना." तिनं पिठाचे हात पुढं धरले. "लई येळ बघत बसले त्या उंड्याकडं. मग अंबी आठवली. पण येळ लागला, बाई. पोटच्या पोरीला येळ लागला. म्हणून आले."

"आई, मी हितं हाय," अंबी फटीतून म्हणाली.

दुर्गव्वानं वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही. तिनं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली. एक वीत सरकली, परत टकटक. दगडाची नस काढायची तशी. तिसऱ्या खेपेला ती थांबली.

"हितं पोकळ हाय."

आणि तिनं घण उचलला.

"नका मारू!" बाई धावल्या. "पलीकडून पोरं टेकलीत भिंतीला. दोन्ही बाजूंनी."

घण हवेत होता. दुर्गव्वाच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. खाणीवर एकच कायदा पाळतात, आणि तो कुठल्या कागदावर नाही: दगडापलीकडं माणूस असला तर घण उचलायचा नाही. तिनं तो सावकाश, आवाज न करता खाली ठेवला.

"भिंत कुणी घातली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मग काढा."

"शाईची आहे. खाडाखोड चालत नाही."

"कुणाला चालत न्हाई?"

बाहेर मोटारसायकल थांबली. पावणेचार झाले होते.

उंबरकर साहेब आत आले ते रुमालानं मान पुसत. त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, खुर्चीही नको म्हटलं, आणि मग तिन्ही घेतलं. उठून ते खोल्याखोल्यांतून भराभर फिरले. आडव्या पोराच्या पाठीवर पेन टेकवत ते जुड्या मोजत होते. "पाच आणि दोन सात. पाच, दहा, तेरा. पाच, दहा, चौदा. पाच. छान बांधणी आहे हो, ठोंबरे बाई. एकोणचाळीस." ते थांबले. "पट किती?"

"चाळीस."

"मग?"

"एक मुलगी गटांच्या मध्ये अडकलीय, साहेब. १४९.५."

"अर्धा कशाला लिहिला?"

"होता म्हणून."

साहेबांनी बाईंकडं असं बघितलं, जसं बघतात उतारवयात एखादं माणूस बिघडलं की. मग त्यांची नजर बाकावरच्या पोरावर गेली.

"हे कोण?"

"सरासरी," बाई म्हणाल्या.

"नमस्कार, साहेब," पोर उठून उभं राहिलं.

"वा!" साहेबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय शिस्त आहे. असली पोरं पाहिजेत बघा. उंची?"

"१४८.७, साहेब."

"म्हणजे दुसऱ्या खोलीत सहज बसतं. मग अडलंय कुठं? घाला ह्याला आत, झाले चाळीस. जा रे बाळ."

"हो साहेब," असं म्हणून पोर दुसऱ्या खोलीच्या दाराकडं चालायला लागलं. त्याची पावलं सगळी एका मापाची होती.

"आणि माझी?" दुर्गव्वा आडवी आली.

"तुमची आहेच की यात," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. तसलीच माणसं फार नडतात. "तुमच्या मुलीची उंची धरूनच हे निघालंय. चाळिसावा हिस्सा तिचा आहे. कुणाचं काही कमी केलेलं नाही."

"कुठला हिस्सा?"

पोरानं अदबीनं मान वळवून डावा कान दाखवला. दुर्गव्वानं पाळी बोटांत धरली. काडीला हात लावला. तिच्या बोटांचं पीठ त्या कानाला लागलं.

"ही काडी मी घातली," ती म्हणाली. "आखाडात. लई रडली होती." मग भिंतीकडं तोंड करून ओरडली, "अंबे! कानाला हात लाव तुझ्या!"

फटीत खसखस झाली.

"आई," अंबी म्हणाली, "पाळी न्हाई माझ्या कानाला."

दुर्गव्वा मटकन खाली बसली. तिच्या हातून निसटलेला कान घेऊन पोर परत चालायला लागलं. दारापर्यंत आणखी आठ पावलं होती.

बाईंनी पेन उघडलं. बावीस वर्षांत त्यांनी साहेबासमोर विचारल्याशिवाय पेन उघडलं नव्हतं.

"काय करताय?" साहेब म्हणाले. "खाडाखोड नाही हं!"

"एक अक्षर खोडत नाही. जोडते." त्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. "अंबी, गट अखंड करते मी. आधीच करायला हवे होते. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा सरकेल."

"बाई, मी चेंगरते."

"दोन्ही भिंती बरोबर १४९.५ ला मिळतील."

"तिथं मीच हाय ना पण."

"सीमेवरचा वरच्या गटात धरायचा. तसं पुस्तकात दिलंय."

अंबीनं क्षणभर विचार केला. "पुस्तकातल्या भिंती किती जाड असतात, बाई?"

बाईंनी बावीस वर्षं हा नियम शिकवला होता. सीमेवरचा वर जातो. तो जाताना त्याला काय होतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी १४९ च्या पुढं टिंब दिलं आणि पाच लिहिले.

दुसऱ्या खोलीची भिंत अर्धा सेंटिमीटर सरकली. फार आवाज झाला नाही. जात्याखाली एखादा खडा यावा तसा झाला. फटीतून अंबीचा श्वास ऐकू यायला लागला, तुटक, वरवरचा.

"अगं, थांबव," साहेब पहिल्यांदाच एकेरीवर आले.

बाईंनी १५० च्या पुढं वजाचं चिन्ह काढलं. शून्य. टिंब. पाच.

तिसऱ्या खोलीची भिंत खाली आली, दुसऱ्या खोलीच्या भिंतीला भिडली, आणि पाटीवर पाटी आपटावी तसा टक् असा आवाज झाला. फट संपली. ती १५२ वाली तिघं श्वास घ्यायची थांबली.

"अंबे?" दुर्गव्वा म्हणाली.

"हितं," तिसऱ्या खोलीतून आवाज आला.

ती शहनाजशेजारी उभी होती. अंगावर दोन्ही बाजूंनी चुन्याचे पट्टे उठले होते, एक वेणी सुटली होती. शहनाज आणि बाकीच्या तिघांनी हात पुढं करून झोळी केली, तिला अलगद आडवं घ्यायला. अंबीनं त्या हातांकडं बघितलं आणि ती पाचवी होऊन रांगेत उभीच राहिली.

साहेब दारात आले. "आडवी हो, मुली."

"न्हाई."

"अगं, पाचवी आहेस तू. चार उभे, पाचवा आडवा. तुझ्या बाईंनी शिकवलं नाही का?"

"शिकवलंय."

"मग?"

"पाचवी आडवी कशापायी?" दुर्गव्वा उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती.

"मोजायला सोपं जातं, बाई."

"कुणाला?"

साहेबांनी ठोंबरे बाईंकडं बघितलं. हे उत्तर शाळेनं द्यायचं असतं. ठोंबरे बाई मात्र मारुतीच्या लाल झालेल्या तोंडाकडं बघत होत्या, आणि त्यांनी ती सहा आडनावं आता मोठ्यानं वाचायला घेतली होती. एकापाठोपाठ एक, हजेरी घेतात तशी. साहेबांनी तिसऱ्याच आडनावाला हात वर केला.

"पुरे. पुरे. अशी उभी राहिली तर जुडी होत नाही. मला एकेक करून मोजावं लागेल."

"मग मोजा की," दुर्गव्वा म्हणाली. "चाळीस तर हायती. आमच्या खाणीवर दगडसुदिक एकेक मोजत्यात."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. सरासरीचं पोर दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचलं होतं. आत जायला सांगितलं होतं आणि थांब कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून त्यानं एक पाय उचलला. पण साहेबांचं तोंड दुसरीकडं होतं आणि परत जा असंही कुणी म्हटलं नाही. पाय तसाच हवेत राहिला.

"ही शेवटी," साहेब अंबीला वगळून म्हणाले. "आधी बाकीच्यांचं होऊ दे."

ते पहिल्या खोलीपासून सुरू झाले. बोट एकेकाच्या छातीवर ठेवायचं, तोंडाकडं बघायचं आणि आकडा म्हणायचा. तीनपर्यंत गेले आणि चुकले. त्यांना कित्येक वर्षांत एकेक मोजायची सवय राहिली नव्हती. परत सुरू केलं. पाचव्या पोरापाशी ते सवयीनं त्याच्या पाठीकडं वाकले, मग आठवलं आणि त्याचं तोंड शोधायला गुडघ्यांवर बसले. "पाच," ते म्हणाले. ते म्हणताच त्या पोरानं आपला एक पाय खाली सोडला. बोटं फरशीला लागली. मग चवडा. मग टाच. पोरगं उभं राहिलं आणि डोळे मिटून जरा डुललं.

खूण बिघडली. साहेबांनी बघितलं आणि बोट पुढं सरकवलं. घामानं त्यांची कॉलर भिजली होती. सहा. सात. आठ. दुसऱ्या खोलीत शिरताना त्यांना उंबऱ्यावरच्या पोराला वळसा घालावा लागला. मारुतीला त्यांनी सतरा म्हटलं आणि मारुती खाली उतरला तो थेट बसकणच मारून. "ऊठ, ऊठ," शेजारचा कुजबुजला. "मोजतायत." मारुती उठला.

चौथी खोली आधी उरकली. घड्याळाच्या आवाजावर आकडे पडत होते. मग तिसरी. सव्वीस. सत्तावीस. एकतीसला ते अडखळले. परत पहिल्यापासून सुरुवात करायला वेळ नाही हे सगळ्यांना कळत होतं. एकतीस, की बत्तीस? त्यांनी बोट उचललं नाही. "नाव काय तुझं?" त्यांनी त्या पोराला विचारलं. पोरानं सांगितलं. "एकतीस," ते म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येकाला नाव विचारत गेले.

कोपऱ्यात लोटलेले ते अर्धे, ते चार मिलिमीटर, ते सात, सगळे हलायला लागले होते. केरसुणीच्या काड्यांखालून ते निघत होते आणि फरशीवरून आपापल्या पोराच्या पायाकडं सरकत होते.

"अडतीस."

बाईंनी तक्त्याकडं बघितलं. कागदाच्या कडा आत वळायला लागल्या होत्या. बंद होताना तो असाच होतो. दुर्गव्वा भिंतीला पाठ लावून ओठ हलवत होती. ती भाकऱ्या मोजत होती. दर वेळी चौथीला थांबत होती आणि परत पहिलीपासून धरत होती.

"शहनाज पठाण," शहनाज विचारायच्या आधीच म्हणाली.

"एकोणचाळीस."

साहेबांचं बोट अंबीसमोर आलं. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या डाव्या कानाच्या पाळीच्या जागी काहीच नव्हतं. दुसऱ्या खोलीच्या दारात सरासरीच्या पोराचा पाय उंबऱ्यापलीकडं झुकला होता, जमिनीपासून चार बोटं वर. त्याच्या कानातली काडी हलत होती. साडेचारचा टोल देण्याआधी घड्याळ घसा खाकरतं, तसं खाकरलं.

"टाचा उचल, अंबी," ठोंबरे बाईंच्या तोंडून निघून गेलं. सवयच. पोरांना तक्त्यात बसवायची, बावीस वर्षांची. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

साहेबांनी तोंड उघडलं.

अंबीच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या.